सोडा हो, जावईबापू

लग्न होण्याला दोनाचे चार हात होणं म्हणतात ना, ते पहिल्यांदा म्हणणारा माणूस नक्की नाववाला असणार. कारण आमचं लग्न झालं तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोग त्या दोन जास्तीच्या हातांचाच झाला. आमची नाव लहान. एक डोलकाठी, पुढे एक छोटं शीड आणि मागे मोठं. छोट्याचं काही नसतं, ते बिचारं सांगाल तसं ऐकतं. मोठं शीड मात्र भारी हट्टी. चढवताना एकाने सुकाणू धरून नावेचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची. वारा वाढला की एकाने पुन्हा तेच करायचं आणि दुसऱ्याने शीड थोडं खाली घेऊन त्याला दुमड घालायची, म्हणजे शीड लहान होतं आणि नाव आडवी पडत नाही. दोन माणसं, चार हात. तरीही कधी कधी एखादा हात कमी पडायचा, मग आम्ही दात वापरायचो.

मग हे गेले आणि चाराचे दोन झाले. दोन हातांनी मी कित्येक वर्षं नाव हाकली, कुणाच्या बापाला मदतीला बोलावलं नाही. आणि मागच्या वर्षी कारखान्यात पडले. कारखाना म्हणजे शिडं शिवायची माझी एक लांबलचक खोली. शिवणयंत्र जमिनीत खड्डा करून बसवलेलं आहे, म्हणजे यंत्राची पाटी जमिनीच्या बरोबरीला येते आणि एवढं मोठं कापड जमिनीवरच सरकवत शिवता येतं. त्या खड्ड्यात बसून मी जन्म काढला आणि शेवटी त्याच खड्ड्यात पाय चुकला. उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पाठ थोपटली, पण हात काही छातीच्या वर जाईना. केस विंचरायलासुद्धा लेक लागायला लागली. दोनाचा एक झाला.

हे कळायला बंदर कचेरीला किती वेळ लागणार! लगेच निरोप. नाव बाहेर न्यायची असेल तर परीक्षा द्या. इंजिन न लावता मोठं शीड चढवा, वाऱ्याप्रमाणे लहान-मोठं करा आणि नाव परत धक्क्याला आणून लावा. एकटीला जमणार नसेल तर एक जोडीदार घ्या. नाही जमलं तर परवाना नाही, आणि परवाना नसलेल्या नावेला धक्क्यावर जागा नाही. जागा नाही म्हणजे नाव विकायची. आता मला सांगा, मी नाव विकून काय करणार होते? खिडकीत बसून दुसऱ्यांच्या नावांना नावं ठेवणार होते? ह्यांच्याबरोबर मी जे काही खरं बोलले, भांडले, हसले, ते सगळं त्या नावेवर. घरात आम्ही फक्त जेवायचो आणि झोपायचो. नाव गेली असती तर मी दुसऱ्यांदा विधवा झाले असते, मग कुणाला काही का वाटेना.

लेकीला विचारण्यात अर्थ नव्हता. ती बादलीतलं पाणी जरा हललं तरी तोंडाला रुमाल लावते. तिनेच सुचवलं, "आई, ह्यांना घेऊन जा ना."

"कुणाला?"

"ह्यांना गं. तुझ्या जावयाला."

मी हसले. हसणारच ना! आमचे जावईबापू चष्म्यांचं दुकान चालवतात. स्वभावाने इतके सावध की घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केलाय का बघायला परत येतात, आणि बंद दिसला तरी हात लावून बघतात. आकाशात ढगाचं पिल्लू नसलं तरी हातात छत्री. नाकावर एक चष्मा, खिशात दुसरा, आणि दोन्हींना दोरी. मी काहीही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं, आई." भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसला माणूस. असा माणूस घेऊन मी समुद्रावर जाऊ?

पण नकटीला नवरा निवडायला मिळतो का कुठे? गेले.

पहिल्या दिवशी ते नावेवर आले तेच कमरेला टेप लावून. सगळं मोजलं. शिडाच्या खालच्या आडव्या काठीला डोकं आपटून घेतलं. त्या काठीला आम्ही घरात आडकाठीच म्हणतो, कारण उठायला गेलं की ती मध्ये येतेच. डोकं चोळत त्यांनी विचारलं, "आई, ही शीड वर चढवायची दोरी. ही ओढायला डोलकाठीपाशीच का जायचं?"

"कारण ती तिथे आहे."

"ती इकडे आली तर? सुकाणूपाशी?"

मी डोलकाठीकडे बघितलं. एक कप्पी डोलकाठीच्या पायथ्याशी, एक छपराच्या कडेला, की झालं, दोरी बसल्या जागी हातात. हलणाऱ्या नावेवर उठून पुढे धडपडत जायला नको. इतक्या वर्षांत हा प्रश्न ह्यांना पडला नव्हता आणि मलाही नाही. चार हात होते, प्रश्न कशाला पडतोय! पुढच्या दोन दिवसांत त्यांनी सगळ्या दोऱ्या मागे आणल्या. शीड वर नेणारी चढदोरी, शीड आत ओढून घेणारी ओढदोरी आणि दुमड घालताना शिडाचे खालचे कोपरे खेचून घेणारी दुमडदोरी. तिन्ही एका रांगेत, त्यांच्या डाव्या गुडघ्यापाशी. माझ्यासाठी सुकाणूला सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास केला, म्हणजे मला हात सोडून नाक पुसता येईल. हो, असंच म्हणाले ते, "तुम्हाला नाक पुसता येईल." मी म्हटलं, वा!

चढदोरीवर त्यांनी लाल दोऱ्याची खूण मागितली. पहिली दुमड घालताना शीड नेमकं किती खाली यायला हवं, ते मोजून काढलं आणि म्हणाले, "लाल दोरा इथे कडीपाशी आला की थांबायचं. मग अंदाज नको, बघणं नको." तो दोरा मी डाव्या हाताने शिवला. टाके वेडेवाकडे आले. पोरीला शाळेतल्या शिवणकामात मी ज्या टाक्यांबद्दल धपाटे घातले होते, तसलेच.

एक दिवस मी त्यांच्या दुकानात गेले, सरावाला उशीर का करता म्हणून खडसावायला. बाहेर बाकावर एक गिऱ्हाईक बसलेलं, नाकावर ती तपासणीची लोखंडी चौकट तशीच. म्हणे, "आत गेलेत, येतो म्हणाले." आत डोळे तपासायची काळोखी खोली. भिंतीवर अक्षरांची पाटी, आणि पाटीच्या खिळ्याला दोरी बांधलेली. दोरीला रुमाल. आमचे जावईबापू अंधारात स्टुलावर बसून डोळे मिटून पुटपुटताहेत, "ओढदोरी ढिली. चढदोरी लाल खुणेपर्यंत. दुमडदोरी घट्ट. चढदोरी पुन्हा ताठ. ओढदोरी आत." आणि रुमाल खाली-वर, खाली-वर.

मी पाऊल न वाजवता बाहेर आले. गिऱ्हाइकाने विचारलं, "काय करताहेत हो?"

"माझी नाव वाचवताहेत," मी म्हटलं. "तुम्ही बसा जरा." खडसावायचं राहूनच गेलं. खरं सांगते, माझा स्वतःचा मुलगा असता तर त्याने एवढं केलं नसतं.

पण एक अडचण होती, आणि ती आमच्या तोंडात होती. नावेवर हुकूम कसा हवा? आखूड. "सोड!" म्हटलं की समोरच्याने हातातली दोरी सोडली पाहिजे. आता जावयाला मी "सोड" कशी म्हणू? त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आई, मला अरे-तुरे करा हो." माझी जीभच वळेना. ह्यांनाही मी जन्मभर वाऱ्यावर ओरडून "अहो, सोडा!" म्हणत आले. तेव्हा जावयालाही "सोडा". एका अक्षराने काय बिघडतंय, मी म्हटलं.

काय बिघडतंय ते सरावाच्या तिसऱ्या दिवशी कळलं. शीड पूर्ण वर गेलं होतं. जावईबापूंच्या हातात चढदोरी, अजून खुंटीला गुंडाळायची होती. वारा अगदी मंद. मी सुकाणूवर बसून लेकीबद्दल तक्रार करत होते, की ती फोन उचलत नाही आणि उचलला तर ऐकत नाही. जावईबापू आपल्या बायकोची बाजू घ्यावी की सासूची, या पेचात. शेवटी म्हणाले, "आई, तुम्ही तिच्यावर रागावलात का? मी बोलू का तिच्याशी?"

"छे छे," मी म्हटलं. "सोडा हो, जावईबापू!"

"बरं," म्हणाले, आणि दोरी सोडली.

सगळंच्या सगळं शीड सर्रकन खाली आलं आणि माझ्यावर पसरलं. मी आत. पांढरंफटक सगळीकडे. माझंच शिवलेलं कापड, माझीच शिवण नाकापाशी. बाहेरून आवाज, अतिशय नम्र, "आई, आत बऱ्या आहात ना?"

मी आतून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता मला हसू फुटलं, आणि बाहेर ते हसताहेत असं वाटलं, पण ते हसत नव्हते, बिचारे घाबरून कापडाचं टोक शोधत होते. दुसऱ्या दिवशी बघते तर डोलकाठीपासून आडकाठीपर्यंत दोन्ही बाजूंना दोऱ्यांची झोळी बांधून तयार. शीड कधीही खाली आलं तरी झोळीत पडेल, सासूवर नाही. ज्या चुकीबद्दल दुसऱ्याने चार दिवस माफी मागितली असती, त्या चुकीतून या माणसाने एक सोय काढली. त्या दिवसापासून ठरलं. "सोडा" हा शब्द फक्त दोरीसाठी. इतर कशाला "जाऊ द्या" म्हणायचं. ठरवणं सोपं असतं हो. पण आयुष्यभराची सवय, जाते का अशी?

परीक्षेच्या सकाळी हवा छान होती. परीक्षक आले. लांब, किडकिडीत, तोंडात शब्द मोजून ठेवलेले. नावेवर येऊन एका कोपऱ्यात बसले आणि हाताची घडी घातली. म्हणाले, "मी नाही असं समजा." म्हणजे नावेवर हात पाच, त्यातले दोन घडीत. धक्क्यावर जुने नाववाले येऊन उभे. म्हातारीची फजिती बघायला फुकट तिकीट! एकाने ओरडून विचारलं, "चष्मेवाले, समुद्र दिसतोय ना नीट?"

"दिसतोय, दिसतोय," जावईबापू म्हणाले, आणि खरंच नीट बघितलं त्यांनी समुद्राकडे.

शीड चढवलं ते असं की मलाच टाळी वाजवावीशी वाटली, पण एका हाताने टाळी वाजत नाही. मी नावेचं तोंड वाऱ्याकडे धरलं, त्यांनी बसल्या जागेवरून हात-हात दोरी ओढली, आणि शीड डोलकाठीच्या टोकाला जाऊन भिडलं. आम्ही बाहेर पडलो. पाणी चमकत होतं, नाव पळत होती, पूर्ण शीड फुगलेलं. शिडात वारा भरला की माझ्या डोक्यातही भरतो, हा माझा स्वभावच आहे. मला वाटलं, बघा म्हणावं! बघा, कोण म्हातारी झाली ते!

"आई," जावईबापू म्हणाले, "तिकडे पाणी काळं दिसतंय. एक दुमड घालू या का?"

मी बघितलं. लांबवर काळपट पट्टा होता खरा. "एवढ्याशा वाऱ्याला? अजून नाव हललीसुद्धा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं."

थोड्या वेळाने पुन्हा, "आई, आपले हात तीनच आहेत. चार असते तर थांबलो असतो. आधी घालून ठेवली तर?"

"धक्क्यावरचे हसतील हो. म्हणतील, घाबरली." परीक्षक समोर बसून ऐकत होते. माझा पारा चढायला लागला. माझ्या नावेवर, माझ्या शिडाबद्दल, मला हा चष्मेवाला शिकवणार? चोराच्या मनात चांदणं तसं भित्र्याच्या मनात वादळ!

"आई, वाढला तर मला घाई करावी लागेल, आणि घाईत माझे..."

"सोडा हो आता तो विषय!" मी कडाडले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाले, "बरं, आई."

आणि चढदोरी सोडली.

अर्धवट नाही, गडबडीने नाही. लाल दोरा कडीपाशी येईपर्यंत, तिथे थांबले. हा माणूस मला काय म्हणायचं होतं ते शंभर टक्के ओळखून होता. डोळ्यांत तसं स्वच्छ दिसत होतं. ओढदोरी आधीच ढिली केलेली होती, डावा पाय दुमडदोरीवर होता, म्हणजे तयारी कधीचीच झाली होती, फक्त माझ्या तोंडून तो शब्द निघायची वाट बघत होते. लबाड! मला ओरडायचं होतं. पण परीक्षकासमोर मी काय ओरडणार? मी "सोडा" म्हटलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि शीड सैल होऊन फडफडायला लागलं की हात विचारत बसत नाही. माझ्या डाव्या हाताने नावेचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळवलं. फास सुकाणूवर टाकला. दुमडदोरी घट्ट झाली, चढदोरी ताठ झाली, ओढदोरी आत आली. काळोख्या खोलीतल्या रुमालासारखं सगळं एकामागून एक. मी एवढ्या रागात होते, तरी मनात म्हटलं, काय सुरेख केलं!

ते "झालं" म्हणाले, आणि वारा आला.

आला म्हणजे थेट अंगावर आला. काळा पट्टा आमच्याखालून धावत गेला, नाव कलली, पाणी कडेला येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. दुमड घातलेली असूनही सुकाणू माझ्या हाताला असं हिसडे देत होतं की मी गुडघा लावला. उजवा हात मदतीला उचलायला गेले, तो छातीशीच अडकला. तेव्हा मला कळलं. पूर्ण शीड असतं तर हे सुकाणू माझ्याच्याने धरलं गेलं नसतं. माझ्याच्याने, ह्या एका हाताने, नसतं. आमच्या बाजूने एक मोठी नाव येत होती, चार धट्टीकट्टी माणसं, पूर्ण शीड वर. चौघे एकमेकांवर ओरडत होते आणि कुणी शीड खाली ओढण्याच्या आधीच त्यांची नाव आडवी झाली. शीड टर्रकन उभं फाटलं. माणसं भिजली, बाकी धड राहिली. ते शीड पुढच्या आठवड्यात माझ्याकडेच शिवायला आलं, तो भाग वेगळा.

जावईबापू गुडघ्यापाशी दोऱ्या घेऊन शांत बसले होते. चष्म्यावर पाणी उडालेलं. त्यांनी खिशातला दुसरा चष्मा काढून लावला. मला एकदम उमगलं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस असेल, पण भित्रा वरचेवर मागे वळून बघतो, म्हणून तो त्याला दिसतो तरी. आम्हा शूरांना तो मानगुटीवर बसल्यावर कळतो. चार हातांची माणसं धाडस करू शकतात. तीन हातांच्या माणसांना आधी विचार करावा लागतो, आणि तो करायला लाज वाटून चालत नाही. हे मला या वयात एका चष्मेवाल्याने शिकवलं, आणि एक शब्द उलट न बोलता शिकवलं.

परत आलो. धक्क्यासमोर मी तोंड वाऱ्याकडे केलं, म्हटलं, "सोडा!" ह्या वेळी खरोखरीचं. शीड सुळकन झोळीत येऊन बसलं. नाव उरल्या वेगाने सरकत गेली आणि धक्क्याला मांजरासारखी टेकली. वरच्या नाववाल्यांपैकी एकाने मुकाट्याने दोरी झेलून बांधली.

परीक्षकांनी हाताची घडी सोडली. मला विचारलं, "दुमड घालायचा हुकूम तुमचाच ना?"

"आईंचाच," जावईबापू लगेच म्हणाले. "सोडा म्हणाल्या. तुम्हीही ऐकलंत."

बघा आता. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. नाव माझी राहिली असती. परवाना, धक्का, सगळं. पण ज्या माणसाने माझी नाव वाचवली, त्याची अक्कल मी माझ्या नावावर खपवू? ह्यांच्या नावेवर बसून? ते मला जमणारं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मी विषय सोडा म्हटलं होतं. दुमड नको, असं तीनदा म्हटलं होतं मी. जावईबापूंनी माझं ऐकलं नाही म्हणून आपण तिघे कोरडे आहोत. आता काय करायचं ते करा."

जावईबापू खाली बघायला लागले, जसं काही चोरी त्यांचीच पकडली गेली. परीक्षक माझ्याकडे वळले.

"दोरी सुटल्यावर तुम्ही नाव वाऱ्याकडे का वळवलीत?" त्यांनी विचारलं. "भांडला का नाहीत?"

"भांडायला वेळ होता का? शीड सुटलं की नाव वळवायची. हात आपला जातोच."

"मग दुमड दोघांनी घातली," ते म्हणाले. "कोण काय म्हणालं आणि कोणी काय ऐकलं, ते तुमचं घरचं भांडण, ते घरी करा. मला एवढंच बघायचं होतं, की हात पुरतात का." ते धक्क्यावर चढले आणि वरून म्हणाले, "पुरतात. पण एकटीने बाहेर काढायची नाही, बाई. यांना घेऊनच."

ते गेले. मी सुकाणूवर तशीच बसून राहिले. नाव राहिली होती. जावईबापू आवराआवर करायला लागले, जसं काही रोजचाच दिवस. आडकाठी वर टांगून ठेवायची दोरी त्यांनी हातात घेतली, काठी बोटभर वर उचलली, मग आणखी बोटभर, आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात तसं मान कलती करून मला विचारलं, "आई, बघा बरं. आधीचं बरं होतं, का आताचं?"

मी बघितलं. आडकाठीकडे नाही. ह्यांची बसायची जागा होती तिकडे. तिथे जावईबापूंची छत्री आडवी ठेवलेली होती, कोरडीठाक. माझे डोळे भरून आले. लपवायचं काय त्यात?

"आधीचं फार बरं होतं," मी म्हटलं. "पण आताचंही स्पष्ट दिसतंय. बांध रे बाळा तिथेच."

ते जागच्या जागी थांबले. 'रे' माझ्या तोंडून गेला हे मलाही नंतर कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि या गडबडीत हातातली दोरी सुटली. आडकाठी धप्पकन खाली आली.

"सोडा कोण म्हणालं होतं?" मी ओरडले.

"कुणी नाही, आई."

"मग धर."

त्याने दोरी धरली, मी डाव्या हाताने मागून धरली, आणि आम्ही आडकाठी पुन्हा वर ओढली. तीन हातांनी.